पास्टरचा ॲक्सेंट

अमेरिकेत, अल्फारेटाच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये केबल नव्हती. अँटेना कसाही फिरवा, एकच चॅनल स्वच्छ दिसायचं, तिथल्याच एका चर्चच्या पास्टरचं. नुसतं प्रवचन! वैताग यायचा. त्यात क्लायंटला माझं इंग्लिश कळेना. मॅनेजरने बजावलं, "ॲक्सेंट सुधार, नाहीतर परत पुणे."

नकला करण्यात मी शाळेपासून पटाईत. महिनाभर पास्टर घोटला, हातवाऱ्यांसकट. मग कॉलवर सर्व्हर का पडला ते त्याच्याच थाटात सांगितलं. क्लायंटला शब्दन् शब्द कळला. वर म्हणतो, "आमेन!"

शेजारी बसलेला रूममेट खिदळला, "महाराज, आता प्रसाद वाटा!"

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम साधं बोललो. क्लायंट लगेच, "सॉरी, कम अगेन?"

झक मारत पुन्हा हात वर केला.