तीनच चौकोन

“यांना आज पाणी देऊ नका. मध्येच पिशवी भरली तर पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.”

संस्थेच्या बाईंनी हे माझ्या बायकोला सांगितलं. मी समोरच होतो, चाकाच्या खुर्चीत, अंगावर त्यांनीच दिलेला नवा झब्बा. पिशवी म्हणजे माझी लघवीची. मला विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. बायको म्हणाली, “बरं मॅडम.” तिचा राग आला. पण ती तरी काय करणार?

मी मंडईत भाजीचे टेम्पो रिकामे करायचो. पोत्यासकट पडलो, मान मोडली. हातपाय गेले. घशातल्या नळीपायी आवाजही गेला. डोळे तेवढे राहिले. मग कोथरूडच्या या संस्थेत मला यंत्रासमोर बसवलं. पडद्यावर चौकोन असतात. ज्यावर नजर रोखाल ते काम शेजारचा यांत्रिक हात करतो. पाणी, घास, चष्मा. अक्षरांचं पान उघडलं की बोलताही येतं. पहिल्यांदा पेला स्वतः तोंडाशी आणला तेव्हा मी ढसाढसा रडलो होतो.

देणगीदारांच्या कार्यक्रमात माझ्यासमोर पडदा लावला आणि मी नेहमीचे चौकोन शोधू लागलो. पाणी नाही. अक्षरं नाहीत. तीनच चौकोन. नमस्कार, पुष्पगुच्छ, धन्यवाद.

यंत्र सांभाळणारी इंजिनिअर हळूच म्हणाली, “काका, आज सोपं ठेवलंय.”

सोपं कुणाला? कुठंही बघितलं तरी उपकारच मानले जाणार. नुसती नजर रेंगाळली तरी.

देणगीदार साहेब माइकवर आले. “कालपर्यंत हा माणूस म्हणजे एक गाठोडं होतं. आज तो आपले आभार मानणार आहे.” टाळ्या. साहेब पुष्पगुच्छ घ्यायला माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

गाठोडं. रोज माझी कूस बदलणारी बायको मागे उभी होती. तिनंही ऐकलं.

मी पडद्यावरून नजर काढली. साहेबांच्या डोळ्यांत बघत राहिलो. यांत्रिक हात जागचा हलला नाही. फोटोवाला ताटकळला. “काका, इकडे बघा ना,” इंजिनिअर विनवत होती. मी बघितलं नाही. शेवटी साहेबांनीच मान वळवली.

बाई माइकवर हसून म्हणाल्या, “पेशंट दमलाय. यंत्रच आहे, चालायचंच.” आणि पुष्पगुच्छ त्यांनीच देऊन टाकला.

हे मला गाठोड्यापेक्षा जास्त झोंबलं. माझा नकारही त्यांनी यंत्राच्या बिघाडावर ढकलला.

हॉल रिकामा झाल्यावर बाई आल्या. “असंच करायचं असेल तर दुसरा पेशंट बसवू. रांग आहे आमच्याकडे.”

बायको घाबरली. “अहो, माफी मागा की. मशीन गेलं तर काय हाय आपल्याकडं?”

भीती मलाही होती. यंत्र गेलं की मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहणार, हे ठाऊक होतं. तरी मी इंजिनिअरकडे रोखून बघत राहिलो. ती समजली. तिनं अक्षरांचं पान उघडलं.

एकेक अक्षर शोधून लिहिलं. यंत्रानं मोठ्यानं वाचलं, “दमलो नव्हतो. द्यायचा नव्हता. पडद्यावर ‘नाही’चा चौकोन टाका. तोवर मी बसणार नाही. मशीन न्यायचं तर न्या.”

बाईंनी माझ्याकडे न बघता बायकोला विचारलं, “काय म्हणणं आहे यांचं?”

बायको तोंड उघडायच्या आत मी यंत्राला ते पुन्हा वाचायला लावलं.