प्लंबरला आधीच कसं कळतं?

रविवारी सकाळी ऑफिसात पोचलो तेव्हा क्लायंटचा मेल येऊन पडला होता. ‘प्लंबर’ नावाच्या अकाउंटची चौकशी करा, उद्या संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्या.

तंजावूरच्या जुन्या बस स्टँडजवळ, भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. काम कॉमेंट मॉडरेशनचं. परदेशी वेबसाइटवर लोक जे लिहितात ते वाचायचं आणि शिवीगाळ, धमक्या, जाहिराती काढून टाकायच्या. पूर्वी मी चेन्नईत एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. तिथे लोकांचं लिखाण सुधारावं लागायचं. इथे ठेवायचं की काढायचं, एवढंच ठरवायचं असतं.

हा क्लायंट अमेरिकेतल्या एका कॉलेज फुटबॉल संघाच्या चाहत्यांचा फोरम चालवतो. हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू हातात धरतात. दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात आणि प्रत्येक संधीनंतर खेळ थांबतो. चेंडू आधी येतो क्वार्टरबॅककडे. तो एकतर पळणाऱ्याच्या हातात देतो, नाहीतर पुढे धावलेल्या साथीदाराकडे फेकतो. पण काय करायचं ते बहुतेक वेळा तो ठरवत नाही. मैदानाच्या कडेला उभा असलेला कोच दर वेळी निरोप देतो. त्याला प्लेकॉलिंग म्हणतात.

या संघाचा क्वार्टरबॅक पहिल्या वर्षाचा मुलगा होता. संघ हरत होता आणि चाहते मुलावर खवळले होते. त्याचा हात, त्याचे पाय, त्याची झोप, कशावरही कॉमेंट यायची. ‘याला बाहेर बसवा’ ही त्यातली सभ्य. प्लंबर तेवढा मुलाची बाजू घ्यायचा. शनिवारची मॅच चालू असताना त्याने आणखी एक गोष्ट केली. पुढची चाल काय असेल ते तो आधीच लिहीत गेला. मधून पळणार. परत मधून. आता लांब फेकणार. बहुतेक वेळा तसंच झालं.

आधी लोक हसले. मग कुणीतरी लिहिलं, याला आतून बातमी मिळते. दुसऱ्याने जोडलं, मुलाची बाजू घेतो म्हणजे मुलाचाच काका असणार. तिकडे खूप ठिकाणी मॅचवर कायदेशीर बेटिंग चालतं, त्यामुळे आतली बातमी फुटणं साधी गोष्ट नाही. आम्ही ‘संशय आहे’ एवढं जरी लिहिलं असतं तरी रिपोर्ट युनिव्हर्सिटीकडे गेला असता. चौकशी संपेपर्यंत मुलाला बाहेर बसावं लागलं असतं. मेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलं होतं.

आमचे मॅनेजर मुरुगेसन यांना हे प्रकरण लवकर मिटवायचं होतं.

“संशय आहे असं लिहून टाका राव सार. संशय तर आहेच ना?”

“कुणाला?”

“क्लायंटला. तेवढा पुरे.”

इथे मराठी घरातल्या माणसाचं आडनाव काहीही असो, गाव त्याला रावच म्हणतं; सार म्हणजे सर. मी एक दिवस मागून घेतला आणि गिरिजाला बोलावलं. ती आमच्याच गल्लीतली. घरी मला काका म्हणते, ऑफिसात सार. मराठी बोलते, पण देवनागरी वाचत नाही.

न्यूजरूममध्ये कोण काय म्हणालं याआधी केव्हा म्हणालं ते बघायची सवय लागते. आम्ही प्लंबरच्या पोस्टच्या वेळा घेतल्या आणि मॅचच्या रेकॉर्डिंगशी लावून पाहिल्या. टीव्हीवरचं चित्र मैदानापेक्षा जरा मागे असतं, तो फरकही धरला.

जेवायच्या आधी गिरिजाने मान वर केली. “सार, हा तर फारच लवकर लिहितो.”

“किती लवकर?”

“आधीची चाल संपायच्या आधी. तोवर कोचने पुढचा निरोप दिलेलाच नसतो.”

म्हणजे जी बातमी फुटली असं लोक म्हणत होते, ती त्या क्षणी अस्तित्वातच नव्हती. मुलालाही ती ठाऊक असणं शक्य नव्हतं.

रिपोर्टचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा अवघड होता. मग प्लंबरला कळतं कसं, हे क्लायंट विचारणारच. आम्ही मीटिंग रूममध्ये रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. शिफ्टमधले आणखी दोघे डबे घेऊन येऊन बसले. हा खेळ कुणीच कधी पाहिला नव्हता.

मॅच अर्ध्यावर यायच्या आत गिरिजा दहीभात खाता खाता म्हणाली, “आता मधून.” मधून गेला. “परत मधून.” परत गेला. मग मुलाने लांब फेकलेला चेंडू विरुद्ध संघाने पकडला. ही मोठी चूक. गिरिजा म्हणाली, “आता चेंडू परत मिळाला की दोनदा त्याला फेकू देणार नाहीत.”

दिलं नाही.

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“आपल्याकडचंच आहे की सार. नवीन पोराने एक चुकीची कॉमेंट काढली की दोन शिफ्ट त्याला नुसत्या जाहिराती झाडायला बसवतात. अवघड काही हातात देत नाहीत. मग तिसऱ्या दिवशी एकदम सगळ्यात अवघड केस देतात, आणि तो पुन्हा चुकतो.”

हा नियम मुरुगेसन यांचा होता आणि ते दारात उभे होते. आम्ही सिनेमा बघतोय अशी बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. पडद्यावर तिसरी संधी आली, बरंच अंतर बाकी होतं.

“आता लांब फेकायला लावतील,” मुरुगेसन म्हणाले.

लावलं. चेंडू जमिनीवर पडला.

ते खुर्ची ओढून बसले. “आमच्या हॉस्टेलची मेस अशीच होती. मंगळवारी काय मिळणार हे सांगायला स्वयंपाकघरात माणूस ठेवावा लागत नव्हता.” थोड्या वेळाने गिरिजाकडे न बघता म्हणाले, “दोन शिफ्ट जास्त होतात का?”

“होतात सार.”

“बघू.”

शेवटच्या टप्प्यात खोलीतले सगळे अंदाज सांगत होते. सगळ्यात जास्त बरोबर मुरुगेसन यांचे निघाले.

सोमवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, क्लायंटच्या डाना कॉलवर आल्या. त्या स्वतः याच संघाच्या चाहत्या. मी निष्कर्ष वाचून दाखवला. आतली बातमी फुटल्याचा पुरावा नाही, पोस्ट निरोपाच्या आधीच्या आहेत. शिवाय हा खेळ प्रथमच पाहणाऱ्या आमच्या कर्मचाऱ्यांना पुढच्या बऱ्याच चाली ओळखता आल्या.

“प्रथमच पाहणाऱ्या?”

“हो. जेवता जेवता.”

“राव, हा दुसरा भाग मी युनिव्हर्सिटीला पाठवू शकत नाही.”

“चूक आहे का काही?”

“नाही ना, तीच अडचण. तो कोच वाचेल.” मग त्यांनी हळूच विचारलं, “पुढच्या शनिवारी पहिली चाल काय असेल?”

“मधून,” मुरुगेसन माझ्या खांद्यावरून म्हणाले.

युनिव्हर्सिटीला फक्त पहिला भाग गेला. चौकशी झाली नाही, मुलगा बाहेर बसला नाही. प्लंबरचं अकाउंट चालू राहिलं.

पुढच्या शनिवारी मुलाच्या पहिल्या चुकीनंतर लगेच त्यालाच फेकायला सांगितलं. त्याने फेकलं आणि गुण मिळाले. मॅचही संघाने जिंकली. आमच्या रिपोर्टचा याच्याशी संबंध असल्याचा पुरावा नाही. प्लंबरचे अंदाज मात्र मॅचभर चुकत गेले.

रविवारी आमच्याकडे त्याच्याविरुद्ध पुन्हा तक्रारींचा ढीग होता. या माणसाला खेळातलं काही कळत नाही, लोकांची दिशाभूल करतो, याला काढून टाका. काही तक्रारदार मागच्याच आठवड्यातले होते. तक्रारी किती आल्या यावरून काही ठरवू नये, एवढं मी या धंद्यात शिकलो आहे. मी सगळ्या एकत्र करून बंद केल्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं: अंदाज चुकणे नियमांविरुद्ध नाही.