माशांसाठी धुतलेली वाळू

अंबडच्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा माझी मुलगी आठ वर्षांची होती. पट्टी सुटली त्या दिवसापासून ती जेवायला माझ्या डाव्या बाजूला बसू लागली. बोलायची, हसायची, पण तो हात पुढे आला की मागे सरकायची. मीही तो खिशात ठेवायला शिकलो.

तिला केव्हापासून मासे हवे होते. घरी बसून दिवस सरत नव्हते, म्हणून मी दोन फुटांची टाकी आणली. दुकानात तिला तळाशी फिरणारे, मिशांचे छोटे मासे आवडले. दुकानदार म्हणाला, "यांना रंगीत खडे चालत नाहीत. तळात तोंड खुपसून खातात, मिशा झिजतात. बारीक, गोल कणांची वाळू टाका. गालावर घासून बघा, टोचली तर नको."

शेजारच्या बांधकामावरून मूठभर वाळू मागून आणली. ती दगड फोडून केलेली होती, गालावर चरचरली. एका ओळखीच्यांच्या गच्चीवर नदीची वाळू उरली होती. तिच्यावर व्हिनेगर टाकलं तर बुडबुडे आले, म्हणजे चुनखडी, माशांचं पाणी बिघडवणारी. तीही बाद.

मग अंबडच्याच एका फाउंड्रीतला मित्र आठवला. तिथे लोखंड ओतायच्या साच्यांसाठी पांढरी वाळू येते. अजून काहीच न मिसळलेली अर्धं पोतं वाळू त्यानं काढून ठेवली. ती आणायला अपघातानंतर पहिल्यांदा त्या रस्त्यानं गेलो. कुठल्यातरी शेडमधून प्रेसचा धप्प धप्प आवाज आला. मित्रानं पोतं रिक्षात ठेवलं. मी खालीसुद्धा उतरलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या नळाखाली बादली घेऊन बसलो. थोडी वाळू, वरून पाणी, ढवळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं. डाव्या हातानं बादली तिरकी धरायची, तर ढवळायला उजवाच उरला. तो पाण्यात घातला आणि नसलेल्या बोटांनाही वाळूचा गार स्पर्श झाला. अंगावर काटा आला. तरी मी ढवळत राहिलो.

मुलगी दारात येऊन उभी होती.

"पप्पा, तुम्ही तो हात नका ना घालू. मी करते."

"का?"

ती एक पाऊल मागे सरकली.

"माशांना घाण वाटेल म्हणून?" माझा आवाज चढला. मी लाथेनं बादली उलटवली, वाळू मोरीभर पसरली. ती रडत आत पळाली.

बायको बाहेर आली. "तिच्यावर कशाला ओरडता? पोर घाबरतेय."

"माझ्याच हाताला?"

"हो, तुमच्याच. मीसुद्धा घाबरले होते. पहिले कितीतरी दिवस."

हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी पसरलेली वाळू गोळा करत राहिलो. त्यात मोरीतली माती मिसळली होती, सगळी पहिल्यापासून धुवावी लागली.

बऱ्याच वेळानं मुलगी परत आली, डोळे पुसून. मी तिला म्हटलं, "भीती वाटली तर सांगायचं. मी ओरडणार नाही." तिनं मान हलवली आणि माझ्या डाव्या बाजूला बसली. मी बादली धरली, तिनं ढवळलं. दुपार होईपर्यंत पाणी नितळ यायला लागलं.

टाकीत वाळू तिनंच पसरली. ती उडू नये म्हणून वर ताटली ठेवून मी हळूहळू पाणी सोडलं, तरी दोन दिवस सगळं दुधाळच होतं. पाणी निवळलं तरी दुकानदाराच्या सांगण्यावरून पाणी मुरावं म्हणून टाकी काही आठवडे माशांशिवाय नुसतीच चालू ठेवली. मग सहा मासे आणले. ते खाली उतरले आणि वाळूत तोंड घालून हुंगल्यासारखे फिरू लागले, कल्ल्यांतून वाळू सांडत. आम्ही दोघं बघत होतो.

"पप्पा, दुखतं का अजून?" तिनं टाकीवरची नजर न हलवता विचारलं.

"थंडीत दुखतं. आणि जी नाहीत ती जास्त दुखतात."

तिनं वळून हाताकडे पाहिलं. पहिल्यांदाच, नीट. हात लावला नाही. मीही तो खिशात घातला नाही, पण घालावासा मात्र फार वाटत होता.