करवतीचा हिसका

गल्लीतली पोरंटोरं त्यांना फडकंवाल्या काकू म्हणत, आणि काकूंना त्यात काही वावगं वाटत नसे. खांद्यावर फडकं नसलं की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. अशा बाईची गाठ पडली ती नेमकी झाडं कापणाऱ्या माणसाशी. काका मोटरच्या करवतीनं लोकांच्या छपरांवर झुकलेल्या फांद्या उतरवून देत. संध्याकाळी घरी आले की केसांत भुसा, खिशांत भुसा, भुवयांतसुद्धा भुसा. "दारातच थांबा!" काकू आतूनच ओरडत आणि पायरीवर उभं करून त्यांना सतरंजीसारखं झटकून काढत. उभा संसार असा गेला. एकानं आणायचा, दुसरीनं काढायचा.

खरं तर काकूंचा राग भुशावर नव्हताच. काका शिडीवर चढले असतील, या विचारानं त्यांचा जीव टांगणीला लागायचा. "आता पुरे करा" हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की त्यांचं तोंड उघडायच्या आतच काका "बरं" म्हणत आणि करवत उचलून बाहेर पडत.

मग एके दिवशी करवतीनंच काकूंचं म्हणणं मनावर घेतलं. सुरू करायला दोरी ओढली की ती अर्ध्या वाटेतून मागे फिरायची आणि मूठ अशी हिसकायची, की काकांची बोटं झणझणून जायची. काका पडले हट्टी. प्लग बदलला, पेट्रोल बदललं, पुन्हा ओढली. पुन्हा हिसका. शेवटी मनगट सुजून आलं आणि त्यांनी स्वतःच निकाल देऊन टाकला.

"मशीनला काही धाड भरलेली नाही. हातातला जोर गेला माझ्या. दोरी धड ओढली नाही तर ती मागे येणारच."

काकूंना हायसं वाटलं. पण ते फार टिकलं नाही. काका दिवसभर घरात, आणि तेही गप्प. ते फडक्यांच्या घड्या घालत, त्याही वाकड्या. एकदा त्यांनी साखरेचा डबा न बोलता काकूंपुढे सरकवला. झाकण निघत नव्हतं. काकूंनी उघडून दिला, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून उगाच उभ्या राहिल्या.

काकांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं. तोही याच धंद्यातला. "घेऊन जा मशीन," ते म्हणाले.

"दादा, नीट विचार कर हां. नंतर मागायला आलास तर मी घरात नसेन."

"ने रे बाबा. फक्त जपून ओढ. हिसका देते."

भावजींनी करवत मांडीवर घेऊन उलटसुलट पाहिली. "हिसका देते म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय. दट्ट्या वर पोचायच्या आतच आत भडका उडतो आणि त्याला उलटा ढकलतो. फिरणारं चाक आपल्या जागेवरून सरकलं असणार. चाकाला दांड्यावर जखडून ठेवणारी ती आतली चावी बघितलीस का?"

"चावी कशाला बघू? गेल्या महिन्यात सगळं उघडून साफ केलं, माझ्या हातानं जुळवलं. जन्मात ती खाचेतून कधी निघाली नाही. एवढीशी असते." काकांनी करंगळीचं नख दाखवलं. "काळपट, अर्धगोल. ती कुठं जाते!"

"जाऊ दे, घरी नेऊन उघडतो," म्हणत भावजी उठले.

चहाचे कप घेऊन दारात आलेल्या काकू तिथंच थबकल्या. गेल्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर पसरलेलं वर्तमानपत्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यावर तेलकट काजळी आणि एक काळं, वाकडं नख. हा माणूस जिथं बसेल तिथं नखं काढायचा, म्हणून काकूंनी नाक मुरडून सगळा कागद कचऱ्याच्या डब्यात झटकला होता.

आता नुसतं गप्प राहायचं होतं. भावजी फाटकापर्यंत पोचले की संपलं. शिडी नाही, फांद्या नाहीत, जिवाला घोर नाही. इतकी वर्षं जे मागितलं, ते चालत दाराबाहेर निघालं होतं. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. सुजलेलं मनगट मांडीवर ठेवून ते करवतीकडे बघतच नव्हते.

"ठेवा ती खाली, भावजी!" काकूंनी कप आदळले. "आणि तुम्ही हो! माझ्या जेवणाच्या टेबलावर इंजिन सोलायला कुणी सांगितलं होतं? आणि जिथं तिथं नखं काढायची खोड कुणाची? मला काय स्वप्न पडणार, त्यातलं एक नख लोखंडाचं आहे म्हणून!"

"काय केलंस तू?"

"झटकलं! डब्यात! मी घरातली घाण ठेवत नाही."

भावजींनी हसू दाबायला चहाचा मोठा घोट घेतला आणि तोंड भाजून घेतलं. काका मात्र उभे राहिले होते.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "हात शाबूत आहे माझा?"

"हाताला काय झालंय! डोळे तपासून घ्या."

काका इतके मोठ्यानं हसले, की काकूंना दचकायला झालं.

भावजी सुट्या भागांच्या दुकानातून नवी चावी घेऊन आले. करवतीचं पातं आणि साखळी बाजूला काढून ठेवली. पण पुढे काकांनी कुणाला हात लावू दिला नाही. त्यांनी चाकाचा दांडा पुसला, खाचेत चावी बसवली, तिच्यावर चाक नेमकं टेकवलं आणि नट आवळला. चाकातलं चुंबक आणि ठिणगी देणारी कॉइल यांच्यात पातळ फट राखायला कागद हवा होता. काकांनी खिशातून हाडाच्या डॉक्टरांचं कार्ड काढलं, मध्ये धरलं, स्क्रू घट्ट केले आणि कार्ड ओढून काढलं.

"चला, एकदाचा त्यांचा उपयोग झाला," काकू म्हणाल्या.

काकांनी दोरी ओढली. ती सरळ आली आणि गुमान परत गेली. पुन्हा ओढली, आणि करवत अशी गरजली की समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले.

"शेंड्यावर भावजी चढतील!" आवाजावर आवाज काढून काकू ओरडल्या. "तुम्ही खालून कापायचं! कबूल?"

"कबूल!"

"वहिनी, माझं मशीन गेलं आणि वर हे काम लागलं?"

"मग चहा फुकट प्यायलात का?"

काकांनी करवत बंद केली आणि मूठ काकूंपुढे धरली. "ओढ."

"मी? भलतंच!"

पण फडकं खांद्यावरून काढून त्यांनी कमरेला खोचलं होतं. भावजींना लांब उभं केलं, डोळे मिटले आणि ओढली. करवत पहिल्याच दमात सुरू झाली. काकूंच्या तोंडून अशी आरोळी निघाली, की गॅलरीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बंद करा, बंद करा!" त्या हातवारे करत म्हणाल्या. "परत ओढायचीय मला."