लवंदी बेंचं आगाऊ मर्तिक

रिझ्कल्लाकाकांचा धंदा स्टोव्ह दुरुस्त करण्याचा आणि छंद देवाला अडचणीत आणण्याचा. आमच्या मल्लावी गावात दुसरं काम त्यांच्याइतक्या निष्ठेने कुणी केलं नसेल. एका वर्षी त्यांनी चाळीस माणसांना मठाच्या यात्रेला बोलावलं आणि गाडी ठरवलीच नाही. "देव व्यवस्था करील," म्हणाले. देवाने ऊस वाहणारा ट्रक पाठवला. आम्ही जाताना मोळ्यांवर बसून गेलो, येताना पाचटावर. पुढे आठवडाभर अर्धी मंडळी प्रार्थनेच्या मध्येच अंग खाजवत होती. काकांचं म्हणणं एवढंच, की मी देवाकडे गाडी मागितली होती, गाद्या नव्हत्या.

वर्षातून एकदा मात्र त्यांचा हा छंद पोटावर यायचा. ख्रिस्ताच्या मरणाचा मोठा शुक्रवार असला, की आसपासच्या खेड्यांतली शे-तीनशे माणसं आमच्या चर्चमध्ये येतात. सकाळपासून पाण्याचा घोट न घेता उभी राहतात. संध्याकाळी प्रार्थना संपली, की ख्रिस्ताला क्रुसावर दिलं होतं तसं घोटभर व्हिनेगर आणि मग मोड आणून उकडलेला बाकला, म्हणजे वालासारखे टपोरे दाणे. तो रांधण्याचं काम काकांचं, म्हणजे खरं तर इन्साफकाकूंचं. काका भरवसा ठेवायचे आणि काकू चूल पेटवायच्या, अशी वाटणी होती.

त्या वर्षी भरवसा भरपूर होता, बाकला अर्धं पोतं. लागणार होती तीन पोती.

"अहो, अर्ध्या पोत्यात तीनशे माणसं?" काकू म्हणाल्या. "वाटीवाटीने देणार, की दाणे मोजून?"

"देव देईल, इन्साफ."

"देईल हो. पण त्याला सांगा, मंगळवारी तरी दे. शुक्रवारी दिलास तर मोड कोण आणणार? मोडांना तीन दिवस लागतात. तुमच्या देवाने जग सहा दिवसांत केलं, पण मोड त्याने कधी स्वतः काढलेले नाहीत."

काकांनी यावर मान हलवली. हिशेब बरोबर होता.

बाकला गावात नव्हता असं नाही. लवंदी बेंच्या वखारीत तो छताला टेकला होता. लवंदी जिरजिस हे आमचे धान्याचे व्यापारी; 'बे' म्हणजे आमच्याकडचे रावसाहेब. चर्चमध्ये पहिल्या रांगेत, खांबाशेजारी, त्यांची जागा ठरलेली. काका तीनदा त्यांच्याकडे गेले. तिन्ही वेळा बेंनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि भक्तिभावाने म्हणाले, "देव देईल, रिझ्कल्ला." 'देव देईल' हे दोन शब्द काकाही बोलत. पण काकांच्या तोंडून ते निघाले की चूल पेटायची, आणि बेंच्या तोंडून निघाले की वखारीचं दार बंद व्हायचं.

मग काकांनी प्रार्थनेची चिठ्ठी लिहिली. आमच्याकडे वेदीपाशी दोन पेट्या आहेत. एकीत आजारी, अडलेल्या, परीक्षेला बसलेल्या माणसांची नावं टाकायची, दुसरीत वारलेल्यांची. पण दोन्हीकडे मजकूर एकच लिहितात: "प्रभो, तुझा सेवक अमुक याची आठवण ठेव." माणूस जिवंत की मेलेला, हे पेटीवरून ओळखायचं. काकांनी लिहिलं, "प्रभो, तुझा सेवक लवंदी जिरजिस याची आठवण ठेव." हेतू असा, की देवाने बेंची आठवण ठेवली तर बेंनाही देवाची येईल. चष्मा दुकानात राहिला होता. चिठ्ठी पेटीत पडली. कुठल्या, ते पुढे कळलंच.

पुढचा दिवस झावळ्यांचा रविवार. आता आमच्या लोकांची एक रीत ऐका. या रविवारपासून दुःखाचा आठवडा सुरू होतो. त्या आठवड्यात कुणी मेलं, तर नेहमीच्या पद्धतीने मर्तिकाची प्रार्थना होत नाही. म्हणून रविवारीच, झावळ्या हातात असतानाच, सगळ्या जिवंत माणसांचं आगाऊ मर्तिक उरकून घेतात. अबूना, म्हणजे आमचे पाद्री, सगळ्यांवर पाणी शिंपडतात. माणसं आपल्याच मर्तिकाला नवे कपडे घालून येतात. त्याआधी वारलेल्यांची नावं वाचायची असतात, आणि ती वाचायला उभा होतो मी.

एका सुरात पन्नास नावं वाचली, की माणूस नावं ऐकेनासा होतो. मी म्हटलं, "प्रभो, तुझा सेवक लवंदी जिरजिस याची आठवण ठेव," आणि सगळ्या चर्चने सवयीने पुस्ती जोडली, "आणि त्याच्या आत्म्याला शांती दे." मग सगळ्यांच्या माना वळल्या. पहिल्या रांगेत खांबाशेजारी लवंदी बे स्वतःच्या मनगटाची नाडी चाचपत होते. तेवढ्यात मर्तिक सुरू झालं आणि अबूनांनी शिंपडलेलं पहिलं पाणी थेट त्यांच्या कपाळावर पडलं.

सोमवारी सकाळी गाढवगाडीतून अडीच पोती बाकला चर्चच्या दारात आला. गाडीवानाने निरोप दिला, "बे म्हणतात, मी जिवंत आहे आणि दानही करतो, हे वर कळवा."

काका पोत्यांना हात लावून रडले. "बघितलंस इन्साफ? मी कुणाकडे हट्ट केला? त्याने दिलं!"

मी ती चिठ्ठी खिशातच ठेवली होती. मास्तरकीत चाळीस वर्षं गेली. अक्षर ओळखायला मला दोन पेट्या लागत नाहीत. "काका," मी म्हटलं, "हे अक्षर तुमचं."

काकांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली आणि खालीच बसले. "मी त्याला मृतांच्या पेटीत टाकला? म्हणजे ही पोती देवाने नाही दिली. माझ्या चष्म्याने दिली!"

"कुणी का देईना," काकू म्हणाल्या. "आता शुक्रवारपर्यंत तोंड बंद ठेवा. लोक जेवले, की शनिवारी सांगा."

"आणि तोवर तो बिचारा मरणाची वाट बघत पडणार? त्याच्या भीतीवर भरवसा ठेवून मी देवाच्या नावाने वाढू? नाही इन्साफ. उद्या सकाळी जाऊन खरं सांगतो. मग पोती राहोत नाहीतर जावोत."

"तीनशे माणसं उपाशी परत जातील."

"देव..." म्हणून काका थांबले. त्यांचं ते वाक्य अर्धवट राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. रात्री ते जेवले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. पण उपासाच्या दिवसांत ते नाहीतरी काय मोठं जेवायचे!

मंगळवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. लवंदी बे पलंगावर होते. डॉक्टर दोनदा येऊन "काही झालेलं नाही" म्हणून गेला होता, आणि ते ऐकूनच बेंचा धीर सुटला होता. मरणाऱ्याला कुणी खरं सांगत नाही, असं त्यांचं मत.

काकांनी सगळं सांगितलं. पेटी, चष्मा, चिठ्ठी. एक शब्द गाळला नाही.

बे उठून बसले. "म्हणजे मी मरत नाही?"

"मरणार आहात, बे. पण चिठ्ठीमुळे नाही."

"अरे गाढवा! दोन रात्री मी मुलांना उपदेश करत बसलोय! धाकट्याला तर माफही करून टाकलं!" त्यांच्या पायांत चपला आपोआप आल्या. "आणि माझी पोती? काढा गाडी!"

आम्ही तिघे चर्चच्या स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा इन्साफकाकू बाह्या वर करून उभ्या होत्या. समोर सात घंगाळी. सातही काठोकाठ भरलेली. पाण्याखाली बाकला निवांत पसरला होता. रिकामी पोती नीट घडी करून कोपऱ्यात.

"हे काय?" बे ओरडले. "भिजवलासुद्धा?"

"आमचे हे खरं बोलायला बाहेर पडले म्हटल्यावर मी पहिलं पाणी ओतलं," काकू म्हणाल्या. "न्यायचा तर न्या, बे. पण ओला बाकला वखारीत ठेवलात, तर शुक्रवारपर्यंत वखारीला मोड येतील."

बेंनी एका घंगाळ्यात हात घातला, मूठभर दाणे काढले आणि पुन्हा सोडले. "माझं अडीच पोत्यांचं नुकसान!"

काकूंनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. "देव देईल, लवंदी बे."

काका खजील होऊन म्हणाले, "इन्साफ, मी जाईपर्यंत तरी थांबायचंस. मी त्याच्यावर सोडलं होतं."

"तुम्ही वर सोडलंत, मी पाणी खाली सोडलं. कुणीतरी काहीतरी सोडायलाच हवं होतं."

शुक्रवारी संध्याकाळी मोड बोटाच्या पेरभर आले होते. माणसं नेहमीपेक्षा जास्त आली. "बे मेले" ही बातमी खेड्यांपर्यंत पोचली होती आणि ते जिवंत असल्याची पोचली नव्हती, त्यामुळे काहीजण समाचारालाही आले होते. लवंदी बे स्वतः तीनदा रांगेत उभे राहिले. अंगठ्याने सालं उडवत, शेजाऱ्याला "आमचा बाकला" म्हणून सांगत त्यांनी आपलं नुकसान बऱ्यापैकी भरून काढलं.

सगळे गेले तेव्हा मोठ्या पातेल्याच्या तळाशी एकच पळी उरली होती. काका भिंतीला टेकून बसले होते. गुरुवार रात्रीपासून पोटात काही नव्हतं. काकूंनी ती पळी त्यांच्या ताटलीत वाढली. काकांनी ताटली त्यांच्याकडे सरकवली.

"आधी तू घे. तूही सकाळपासून उपाशी आहेस."

काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "खा तुम्ही. मीठ बघायला म्हणून दुपारपासून मी चार वेळा वाटी भरून घेतलीये."

काकांचा घास हातातच राहिला. "आजच्या दिवशी? इन्साफ! हे अबूनांना..."

"सांगा. पण ताटली संपवून जा."

काकांनी ताटलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि खायला लागले. मीठ अगदी बरोबर होतं.