बाहुलीचा कान

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही — आणि त्याला तर मी डाळ करपली तरी फोन करून सांगते. म्हणजे बघा.

पालघरच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. लहान मुलांसाठी आमच्याकडे एक टॅब आला. पडद्यावर बाहुली. दुखतं तिथे मुलाने बोट लावायचं, बाहुली "आई गं!" म्हणते, आणि आतल्या खोलीत डॉक्टरांना ते दिसतं. डॉक्टरांपुढे दातखीळ बसणारी पोरं बाहुलीशी काय मोकळी व्हायची! आम्हाला एकच बजावलं होतं — बोट मुलाचंच हवं.

तर त्या सोमवारी दातिवऱ्याची हर्षा आली. सात वर्षांची. आई सुकी मासळी विकणारी, बाजार सोडून आलेली. "दोन दिस काय खाल्लं नाय, पोटात दुकतं तिच्या," आई म्हणाली. बाहेर ही रांग. मी आधीच वैतागलेली — माझा स्वभाव तापट आहे, लपवून काय उपयोग?

हर्षाने बाहुलीच्या कानावर बोट ठेवलं. मी ती खूण पुसून टाकली. तिने परत कान दाबला. मग टॅब उचलून एका कानाला लावला, दाबला; दुसऱ्या कानाला लावला, परत दाबला. मला वाटलं, आवाजाची गंमत करतेय. "खेळणं आहे का हे?" मी खेकसले. टॅब हिसकावला आणि — आणि माझ्या बोटाने बाहुलीच्या पोटावर दाबलं. आई पोटच म्हणत होती ना? हर्षा रडली नाही. नुसती माझ्या बोटाकडे बघत राहिली.

आत डॉक्टरांनी विचारलं, "तिनेच दाखवलं ना?"

"हो सर, तिनेच."

इतकंच. चार शब्दसुद्धा नाहीत. पोटाचं औषध घेऊन मायलेकी गेल्या.

दीड महिन्याने परत आल्या, तेव्हा डाव्या कानातून पू वाहत होता. तपासण्या झाल्या. त्या कानाने आता तिला जवळजवळ काही ऐकू येत नाही. त्या सोमवारी ती टॅब कानाला लावून तपासत होती, हो — कुठल्या कानाने ऐकू येतं ते मला दाखवत होती! एवढं साधं मला कळू नये? की कळून घ्यायचंच नव्हतं?

तिची आई माझ्याचकडे येऊन रडली. "आमचीच चूक, सिस्टर. पोरीने कदी सांगितलंच नाय ओ."

तेव्हा तरी बोलायचं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ द्या, लहान मुलांना सांगता येत नाही."

हर्षा शेजारीच उभी होती, उजवा कान माझ्याकडे करून. तिला ते ऐकू आलं.