लाभाचा धागा

टेंभुर्णीच्या दैवशालाने रेशमाचे किडे पाळता पाळता जालन्याला जाऊन हातमागही शिकून घेतला. यंदा तिने पहिल्यांदाच रंग उतरत जाणारा स्कार्फ मांडायला घेतला. एका काठाला गडद डाळिंबी, दुसऱ्या काठाला दुधासारखा पांढरा, मध्ये पाच छटा. एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला, हे डोळ्याला कळता कामा नये. वहीत चौकटी आखून तिने प्रत्येक छटेला अठ्ठेचाळीस धागे ठरवले.

ताण्याचे धागे मोजायला सासू बसली. जयवंताबाईंना अक्षरओळख नव्हती. पण उभा जन्म खळ्यावर जवारी मापण्यात गेलेला. मापताना पहिल्या मापाला त्या कधी ‘एक’ म्हणाल्या नाहीत. धाग्यांनाही त्यांनी तीच रीत लावली, “लाभ... दोन... तीन...”

दुसऱ्या दिवशी दैवशाला ते धागे मागाच्या फणीच्या घरांतून, म्हणजे दातांमधल्या फटींतून, ओवू लागली, तर प्रत्येक छटेचा एक धागा उरू लागला. सात छटा, सात धागे. शेजारची साळूबाई दारातच बसली होती. तिच्यादेखत दैवशाला सासूला म्हणाली,

“आत्या, लाभाचा धागा येगळा धरला अन् मंग पुन्हा एकपासून मोजलं ना? हे रेशीम हाय, जवारीचं खळं न्हाई!”

साळूबाई खदखदून हसली. “बुढीनं रेशमालाही बरकत आणली की वं!”

जयवंताबाई हसल्या नाहीत. “आसंल बाई,” एवढंच म्हणाल्या. लुगड्याला चिकटलेला एक धागा काढून त्यांनी सुनेच्या हातात दिला आणि उठून गेल्या.

उन्हं कलली, फणीवर तिरपा उजेड पडला, तेव्हा दैवशालाला दिसलं. छटा जिथून सुरू होते त्या घरात तिने स्वतःच खुणेचा लाल दोरा बांधला होता, आणि ओवताना नेमकं तेच घर सोडून ती पुढे गेली होती. सात खुणा, सात रिकामी घरं. मोजणी बिलकुल बराबर होती.

तिचे कान तापले. कुणाला काही न सांगता तिने सगळे धागे काढून पुन्हा ओवले.

स्कार्फ सुरेख उतरला. आठवड्याने दुसरा ताणा लावायला तिने सासूला हाक मारली. जयवंताबाई आल्या, पदर खोचून बसल्या आणि मोजू लागल्या.

“एक... दोन...”

दैवशालाचा हात थांबला. “आत्या, लाभ म्हणा की.”

“नको माय. तुह्या रेशमात उगी जास्तीचा धागा यायचा.”

टोमणा असता तर सोसला असता. म्हातारी खरंच घाबरून बोलत होती. चूक आपली होती हे आता इथल्या इथे हळूच सांगून टाकता आलं असतं; पण हसू झालं होतं ते साळूबाईसमोर. दैवशालाने धागा खुंटीला गुंडाळला, सासूचा हात धरून तिला उठवलं आणि तिला सोबत घेऊन, मान खाली घालून ती साळूबाईच्या दाराकडे निघाली.